गभणे मास्तरांचं पहिलं पिस्तूल

ज्या माणसाने पहिल्याच भेटीत माझ्या मनगटावर पितळी सळई हाणली, त्याच्याविषयी मी आज कृतज्ञतेने लिहायला बसले आहे. सळईच्या टोकाला स्क्रूसारखे आटे होते. त्यांनी सोललेल्या कातडीची बारीक पांढरी रेघ माझ्या उजव्या मनगटावर अजून दिसते. ऑफिसात नवी आलेली एखादी मुलगी विचारते, "मॅडम, ये कुकर से जला क्या?" मी हो म्हणते. खरं सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागते.

रायपूर राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी डोंगरगढची. आजोबा भंडाऱ्याकडून रुळांच्या कामावर आले आणि तिथेच राहिले. वडीलही रेल्वेत गँगमन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नव्या राज्याची नवी ऑफिसं उघडत होती, त्यातल्या एकात मला सहायक ग्रेड तीनची नोकरी लागली आणि चौबे कॉलोनीत एक खोली घेऊन मी राहू लागले. त्याच वर्षी बाबा रिटायर झाले. पोरगी राजधानीत आहे, आपणही जाऊ, म्हणून त्यांनी शहराबाहेर नव्या रस्त्यालगत एक प्लॉट घेतला. दलालाने तोच प्लॉट आणखी एकाला विकला होता. बाबा कुंपण घालायला गेले तेव्हा दलालाची चार माणसं आली आणि कुंपणासाठी आणलेल्या लोखंडी खांबांनीच त्यांनी बाबांना मारलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधले. दाढेमागच्या फटीतून आई दोन महिने त्यांना चमच्याने पेज पाजत होती. बाबा काही बोलू शकत नव्हते, फक्त डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते पेज गरम असल्यामुळे आहे असं आई मला सांगायची.

तक्रार नोंदली गेली. पुढे काही हललं नाही. दलालाच्या ऑफिसला समोरून पूर्ण काच होती आणि माझी बस तिथूनच जायची. रोज संध्याकाळी तो आत चहा पिताना दिसायचा.

मी कुठूनतरी ऐकलं होतं की हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि ते दिसायला अगदी खऱ्यासारखं असतं. एका शनिवारी दुपारी मी सदर बाजारातल्या बंदुकांच्या दुकानात गेले. दोन्ही बाजूंना सराफ, मधे हे अंधारं दुकान. सेठांनी मला खालून वर पाहिलं.

"किसके लिए चाहिए, बेटा?"

"मेरे लिए. बीस हजार तक," मी म्हणाले. आणि मग विचारलं, "पर्स में आ जाएगा?"

सेठांनी काचेवर एक काळं पिस्तूल ठेवलं आणि फोन वाजला म्हणून ते आत गेले. मी ते उचललं. कसं दिसतं ते पाहावं म्हणून समोर धरलं. समोर खिडकीपाशी एक साठीचा माणूस बाकावर वाकून कुठल्याशा बंदुकीची नळी साफ करत होता. त्याने मान वर केलेली मला दिसलीच नाही. फक्त सळई दिसली. पिस्तूल काचेवर पडलं आणि माझ्या मनगटातून रक्त आलं.

"नळी खाली," तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"रिकामं आहे ते," मी हिंदीत म्हणाले.

माझ्या हिंदीतली मराठी त्याला लगेच ऐकू आली. "रिकाम्यानंच मरतात लोकं. भरलेलं कोनी कोनावर धरून पाहत नाही." त्याने खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे टाकला. "बांध. कोनाले माराचं हाय?"

"कोणाला नाही. खेळायचं आहे."

"खेळाले येनारा आधी विचारते, कुठं खेळतात. तू विचारलं, पर्समदे मावते का." त्याने ते काळं पिस्तूल उचलून नाकाशी नेलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मारनाऱ्यायले मी लय पाह्यलं वं पोट्टे. तुले जमनार नाही. पन शिकाचं असन तं उद्या सकाळी सातले तात्यापाऱ्यात येजो. छापखान्याच्या मांगं. अन् घरची इस्त्री आनजो."

हे गभणे मास्तर. खरं म्हणजे ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. सशस्त्र पोलिसांच्या एका बटालियनमध्ये आर्मोरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. रिटायर झाल्यावर ते दुपारी सेठांच्या दुकानात बाक सांभाळायचे आणि सकाळी तात्यापाऱ्यातल्या एका बंद छापखान्याच्या मागच्या लांबट दालनात नेमबाजी शिकवायचे. छापखान्याच्या मालकाने तिथेच त्यांना एक खोलीही दिली होती. बायको वारलेली, मुलगी नागपूरला. दहा मीटरवर भिंतीला जुन्या गाद्या टांगलेल्या, गाद्यांवर पत्रा, पत्र्यापुढे कागदाची निशाणं. जमिनीत मुरलेल्या शाईचा वास तिथून कधी गेला नाही.

इस्त्रीचं कोडं पहिल्याच दिवशी सुटलं. ती हातात घेऊन, हात खांद्याच्या उंचीवर सरळ धरून उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी पंचवीस आकडे मोजेपर्यंत टिकले. तीन महिने मी फक्त इस्त्री धरली. शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणायची, दीदी ड्यूटीपूर्वी कुणाचे कपडे इस्त्री करायला जाते कोण जाणे.

मास्तरांच्या काही सवयी होत्या. कुठलीही बंदूक हातात घेण्याआधी ते तिचा वास घ्यायचे, बायका दुधाचा घेतात तसा. दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. छर्रे अंगाऱ्याच्या जुन्या डब्यांत ठेवायचे. "गोळी मार" असं तोंडातून काढायचे नाहीत, "सोड" म्हणायचे. आणि सळई. नळी निशाणाच्या दिशेपासून वीतभर हलली की सळई यायची. बँकेतले कॅशियर असोत की कॉलेजचा पोट्टा, बाई असो की माणूस. एकदा एक डॉक्टर गप्पा मारता मारता पिस्तूल हातात घेऊन वळले, तर मास्तरांनी त्यांच्या बोटांवर अशी मारली की त्यांचं नखच काळं पडलं. डॉक्टर रागावून गेले आणि आठ दिवसांनी परत आले. "आले का?" मास्तर म्हणाले. "नख पडलं का राहिलं?"

आता निवडीचं सांगते, कारण मास्तर खरे कळायचे ते तिथेच. पहिलं पिस्तूल निवडायला कुणी आलं की ते चेहऱ्याकडे पाहायचेच नाहीत, पंजाकडे पाहायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पंजा ठेवायला लावून पेन्सिलीने भोवती रेघ ओढायचे. मग पिस्तूल हातात द्यायचे.

"डोळे मिट. हात उचल. आरामात. आता उघड. माशी कुठं हाय?"

माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा छोटा उंचवटा. मागे एक खाच असते. डोळे उघडल्याबरोबर माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली तर ते पिस्तूल तुमचं. डावी-उजवीकडे पळालेली दिसली तर मूठ तुमची नाही, मग ते कितीही सुंदर असो. "डोळे उघडे ठेवून उचलशीन तं मनगट लबाडी करते. वाकून जुळवून घेते. पन शंभराव्या छऱ्याले थकते अन् मंग खरं बोलते. म्हनून मिट."

दुकानातलं ते काळं पिस्तूल मी पुन्हा एकदा मागितलं होतं. मास्तरांनी नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, चाप ओढ. नाणं टणकन पडलं. "चाप दगडासारखा हाय. हे पिच्चरमदलं पिस्तूल हाय, भेव दाखवाचं." मग सेठांकडे एक हवेच्या सिलिंडरवर चालणारं आलं. परदेशी, निळसर, हातात घेतलं की खाली ठेवावंसं वाटत नव्हतं, आणि थोडं उधार घेतलं असतं तर परवडलंही असतं. मास्तरांनी विचारलं, "हवा संपली का कोन भरून देईन? सायकलवाला?" खरंच, तेव्हा रायपूरमध्ये ती हवा भरायची सोय नव्हती. "अन् उरलेला पैसा? पिस्तूल एकदा घ्याचं, छर्रे रोज घ्याचे. सगळं पिस्तुलात घातलं तं सोडशीन काय, नुसती हवा?"

शेवटी बिलासपूरच्या एका रिटायर झालेल्या नेमबाजाचं जुनं पिस्तूल मिळालं. प्रत्येक छऱ्यागणिक एक दांडा उघडून दाबायचा, तेवढीच हवा भरते. मास्तरांनी वास घेतला. "वायसर सुकले. बाकी माल चांगला हाय." वीस हजारांतले निम्मे उरले, ते सगळे छऱ्यांत घालायचे असं ठरलं. मी डोळे मिटले, हात उचलला, उघडले. माशी उजवीकडे पार खाचेबाहेर.

"मूठ मोठ्या मानसाची हाय," मास्तर म्हणाले. "ते होते." आणि त्यांनी लाकडी मुठीवर लांबी भरायला आणि कानस मारायला घेतली. अकरा दिवस. रोज थोडं भरायचे, थोडं घासायचे, मला डोळे मिटायला लावायचे. त्या अकरा दिवसांत एकदा, कानस चालू असताना, त्यांनी मला सत्तावन्न नंबर सांगितला.

बटालियनमध्ये प्रत्येक रायफलच्या मागच्या लाकडी दस्त्यावर नंबर असतो. जवान येतो, नंबर येतो, बंदूक येते. हात कुणी मोजत नाही. बस्तरमध्ये गाडी उडवली गेली, गस्तीवर हल्ला झाला, की जंगलात सापडलेल्या रायफली मास्तरांच्या टेबलावर यायच्या. "रक्तानं लोखंड पान्यापेक्षा लवकर गंजते," ते सांगत होते, कानस थांबली नव्हती. "आधी गरम पानी. मंग सोडा. मंग तेल. लाकडातलं निघत नाही, लाकूड पिऊन घेते." सत्तावन्न नंबर पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या दस्त्यात एक दात रुतलेला होता. मारणाऱ्यांनी जवानाला त्याच्याच रायफलीने तोंडावर ठेचलं होतं. मास्तरांनी दात पकडीने काढला, कागदाच्या पुडीत बांधला आणि साहेबाकडे नेला. साहेब म्हणाला, "इसका मैं क्या करूँ?" पुढे त्यांनी तो महानदीत सोडला. रायफल साफ केली, नवा दस्ता घातला, तोच नंबर कोरला. दुसऱ्या जवानाबरोबर ती पुन्हा गेली आणि पुन्हा टेबलावर आली, या वेळी पट्ट्याला केस आणि कातडी चिकटलेली. तिसऱ्या वेळी एकोणीस वर्षांचा पोरगा आला, धमतरीकडचा. त्याने विचारलं, बबा, अच्छी कौन सी है? मास्तरांनी टेबलावरच्या सगळ्या पाहिल्या. सत्तावन्न सगळ्यांत चांगली होती. तीच त्यांनी उचलून दिली.

"मीच निवडून देल्ली," ते म्हणाले.

ती तिसऱ्यांदा परत आली त्या दिवशी मास्तरांनी ती ऐरणीवर ठेवली आणि घणाने नळी वाकेपर्यंत ठोकली. आर्मोररने सरकारी रायफल तोडणं म्हणजे पुजाऱ्याने मूर्ती फोडणं. चौकशी झाली. रिटायर होईपर्यंत त्यांची पगारवाढ थांबली. त्यांनी कारण लिहून दिलं ते एकाच ओळीचं होतं: हत्यार वापरण्यालायक उरलं नव्हतं.

"मंग तवापासून मी हात पाहतो," ते म्हणाले, आणि फुंकर मारून मुठीवरचा भुसा उडवला. "मिट डोळे."

त्या दिवशी माशी खाचेच्या मध्ये होती.

माझा राग त्यामुळे गेला असं मात्र झालं नाही. निशाणाचा काळा गोल मला दलालाच्या तोंडासारखा दिसायचा आणि मी चांगले गुण घेत होते. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं. एका सकाळी त्यांनी माझं निशाण उलटं लावलं. नुसता पांढरा कागद.

"कुठे मारू?" मी विचारलं.

"माराचं नाही. सोडाचं. माशी पाहा. कागद पाहू नको."

"पण दिसतं काहीच नाही."

"तेच म्हनतो. आता याच्यात कोनाचं थोबाड दिसून राहिलं?"

महिनाभर मी कोऱ्या कागदावर सोडत राहिले. डोळ्याला शिकवायचं ते हेच की माशी स्वच्छ दिसली पाहिजे आणि तिच्यापलीकडचं सगळं धूसर राहिलं पाहिजे.

त्या पावसाळ्यानंतर एक नवा मुलगा येऊ लागला. एका ठेकेदाराचा भाचा. मामाने त्याला तेच निळसर सिलिंडरचं पिस्तूल घेऊन दिलं होतं आणि हवा भरायला ते नागपूरला माणूस पाठवत. मास्तरांनी त्याचा पंजा कागदावर काढायला घेतला तर तो हसला. "अंकल, पिस्टल आ गया है, अब हाथ क्या नापना." तरी मास्तर त्याला शिकवत होते. तो वाईट होता असं मला वाटत नाही. त्याला सगळ्या गोष्टींची फार घाई होती, एवढंच.

एके दिवशी मी माझ्या जागेवर छर्रा भरत होते. तो मागून म्हणाला, "दीदी." मी वळले तर नळी माझ्या कपाळासमोर, चार बोटांवर. "हैंड्स अप."

सळई त्याच्या मनगटावर बसली, मग कानावर, मग तो खाली वाकला तेव्हा पाठीवर. एवढं मारताना मास्तरांना मी कधी पाहिलं नव्हतं. पिस्तूल फरशीवर पडून त्याची मागची खाच तुटली. त्यांनी ते उचललं, छर्रा काढला, नळी भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "भरेल होतं."

मुलगा रडत गेला. कानातून रक्त येत होतं. मास्तर त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. दालनात बसून राहिले आणि संध्याकाळी मी विचारायला गेले तेव्हा म्हणाले, "मारलं जास्त. एक पुरे होती."

तीन दिवसांनी, सकाळी साडेसातला, चार माणसं आली. आम्ही दोघंच होतो. मी रेघेवर उभी होते, पिस्तूल भरलेलं, हात अर्धा उचललेला. पायांचा आवाज आला तसे मास्तर दाराकडे गेले. पहिल्या माणसाने विचारलं, "गभणे तू ही है?" मास्तर म्हणाले, "हव." हॉकी स्टिक त्यांच्या गुडघ्यावर बसली. ते खाली पडले तशी दुसऱ्याने लाथ घातली, तोंडावर. ओले कपडे दगडावर आपटावेत तसा आवाज झाला. त्यांचा एक दात फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी आला. तिसऱ्याने छर्‍यांचे डबे उधळले. चौथा दारात उभा राहून रस्ता पाहत होता. कुणी शिवी देत नव्हतं. कुणाला राग आलेला दिसत नव्हता. बाबांनाही असंच मारलं असणार, हे मला तेव्हा कळलं.

हॉकीवाल्याने मास्तरांचा उजवा हात पायाखाली धरला, पंजा फरशीवर पसरवला आणि मला म्हणाला, "तू हट जा."

मी वळले होते. हात आपोआप पूर्ण उचलला गेला होता. तो माणूस माझ्यापासून तीन पावलांवर होता. छर्‍याने माणूस मरत नाही, पण त्या अंतरावर डोळा नक्की जातो, आणि मला दिसत होतं ते फक्त एवढंच की खाचेच्या बरोबर मध्ये माशी उभी आहे, स्वच्छ, काळी, हललीसुद्धा नाही. तिच्यामागे त्याचा चेहरा धूसर. तो कुणाचाही असू शकला असता. शिकवलं होतं तसंच सगळं होतं. चाप पहिल्या टप्प्यापर्यंत आला होता, पुढे फक्त श्वासाएवढं ओझं उरतं.

"नळी खाली."

मास्तर ओरडले नाहीत. तोंडात रक्त होतं म्हणून शब्द ओले आले, पण आवाज रोजचाच होता. वीतभर नळी हलल्यावर यायचा तोच.

माझा हात खाली आला. मी तो आणला नाही, तो आला. दांडा उघडला, नळी भिंतीकडे करून पिस्तूल टेबलावर ठेवलं. तेवढ्यात पहिला फटका त्यांच्या पंजावर पडला. मी जाऊन त्यांच्या अंगावर पडले, तेव्हा दुसरा माझ्या खांद्यावर बसला आणि आतून काहीतरी तडकल्याचं मला ऐकू आलं. तिसरा पुन्हा पंजावर. मग ते गेले. दारातल्याने जाताना दार ओढून घेतलं.

माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते दीड महिन्यात जुळलं. मास्तरांच्या पंजातली सात हाडं मोडली. दोन ऑपरेशनं झाली. अंगठा आणि शेजारचं बोट मिटेनात. मी पोलिसांत जबाब दिला, कोर्टात साक्ष दिली, चौघांपैकी दोघांना ओळखलं. मामाचं नाव कुठेच आलं नाही. भाचा एकदा हॉस्पिटलच्या जिन्यात उभा दिसला, हातात सफरचंदांची पिशवी. वर न येताच गेला.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या दिवशी मी मास्तरांना म्हणाले, "मी सोडला असता तर तुमचा हात वाचला असता."

"हव," ते म्हणाले. "वाचला असता."

त्यांच्या सुजलेल्या तोंडाने बोलायला वेळ लागत होता.

"पन ते पिस्तूल तुले मी निवडून देल्लं. अकरा दिवस घासून देल्लं. तू त्याचा डोळा फोडला असता तं सत्तावन्न नंबर चौथ्यांदा मीच देल्ला असता." मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. "तुह्या बापाचा मामला कागदावर लढ. तू कागदाची पोट्टी हायस. सात वर्गाच्या पुढं मी गेलो नाही, मले जमलं नसतं."

त्या शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. नकला काढल्या, नोंदी शोधल्या, अर्ज केले, तारखांना गेले. प्लॉटचा निकाल अजून लागायचा आहे. पण आता तारखेला रायपूरला आले की माझी बस दलालाच्या ऑफिससमोरून जाते तेव्हा तो काचेतून बाहेर पाहतो, आणि मी खिडकीत असले तर चहाचा कप खाली ठेवतो. माझ्या सातव्या अर्जानंतर त्याला तीन वेळा कोर्टात उभं राहावं लागलं आहे.

छापखान्याचं दालन चार महिन्यांनी पुन्हा उघडलं. मास्तर आता सळई डाव्या हातात धरायचे, आणि ती पूर्वीसारखी बसायची नाही. नख काळं पडलेले ते डॉक्टर म्हणाले, "मास्तर, अब तो लगता ही नहीं." मास्तर म्हणाले, "बायकोच्या हातचं जेवन अन् माह्या हातचा मार, गेल्यावर आठवते."

आम्हा शिकणाऱ्यांच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी इतके दिवस कुणाच्या मनात आली नव्हती. मास्तरांकडे स्वतःचं एकही हत्यार नव्हतं. पस्तीस वर्षं सरकारी, नंतर सेठांचं, नंतर आमचं. दाखवायचं असलं की आमच्यातल्याच कुणाचं तरी पिस्तूल घ्यायचे. आणि आमची सगळ्यांची उजव्या हाताची. त्या मुठी डाव्या हातात बसत नाहीत. मास्तरांना आता काहीच धरता येत नव्हतं.

मी विचारलं तर म्हणाले, "शिंपी काय सगळ्या चोळ्या घालून पाहते का?"

"डाव्या हाताचं एक घेऊ या. आम्ही सगळे मिळून."

"माह्या पेन्शनीत बसन ते घेऊ. तुमचं काही नको." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "दांड्याचं. सिलिंडरचं नको."

सेठांकडे डाव्या हाताचं एक जुनं पिस्तूल सहा वर्षं पडून होतं. कुणी घेत नव्हतं. आम्ही दोघं सदर बाजारात गेलो. मास्तरांनी ते डाव्या हातात घेतलं, वास घेतला. मग ते तसेच उभे राहिले. जणू पुढे काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "डोळे मिटा."

त्यांनी मिटले. एकसष्ट वर्षांचा माणूस, समोरचे दोन दात नसलेला, दुकानाच्या मध्ये डोळे मिटून उभा. डावा हात हळूहळू वर आला. थरथरत होता. उजवा पंजा शर्टाच्या बटणाला अडकवून ठेवला होता, तो नुसता लोंबू नये म्हणून.

"उघडा. माशी कुठे आहे?"

त्यांनी उघडले आणि खाचेतून पाहिलं.

"पळाली," ते म्हणाले. "लय दूर पळाली." आणि सेठांना म्हणाले, "कानस देना जरा."

त्याच महिन्यात माझी बदली जगदलपूरला झाली. बढती होती, नाही म्हणता येत नव्हतं. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पाया पडायला म्हणून सदर बाजारात गेले. गर्दी फार होती, स्कूटरींमधून वाट काढत मी दुकानासमोर पोचले आणि रस्त्यापलीकडेच थांबले. मास्तर खिडकीतल्या बाकावर बसले होते. पिस्तुलाची मूठ गुडघ्यांमध्ये धरली होती आणि डाव्या हाताने कानस मारत होते. आठ-दहा वेळा घासायचे. फुंकर मारायचे. मग उभे राहून, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून हात उचलायचे. उघडायचे. खाली बसायचे. पुन्हा कानस.

मी हाक मारणार होते. पण ते परत उभे राहिले होते, आणि अशा वेळी त्यांना कुणी हाक मारत नसे. हात वर आला. या वेळी तो कमी थरथरत होता, की मला लांबून तसं वाटलं, सांगता येत नाही. मध्ये एक टेम्पो आला आणि गेला. मास्तरांनी डोळे उघडले होते. ते तसेच, हात न हलवता, भिंतीकडे पाहत उभे होते.

मग ते बसले, पिस्तूल नळी भिंतीकडे करून ठेवलं आणि कानस खणात टाकून खण लावून घेतला.